फुकटच्या ईमेलमधल्या त्याच त्या चुका

'अरे, माझा मेल हॅक झालाय' असा फोन आला की पुढचं वाक्य मला पाठ असतं: 'पण पासवर्ड बदललाय मी.' बदललास, बरं केलंस. अजून काय तपासलंस? काहीच नाही.

या एका चुकीपायी माझा अख्खा रविवार गेलाय. एका मित्राने आठवड्यात तीनदा पासवर्ड बदलला होता. तरी गिऱ्हाइकाने बिलाबद्दल काही विचारलं की ते याला दिसायचंच नाही, आणि तासाभरात गिऱ्हाइकाला उत्तर जायचं: 'आमचं बँक खातं बदललंय, पैसे नव्या खात्यात भरा.' पाठवणाऱ्याचा पत्ता याच्यासारखाच, फक्त एका अक्षराचा फरक. हा म्हणे व्हायरस आहे, कॉम्प्युटर फॉरमॅट मारू. म्हटलं, आधी मेलच्या सेटिंग उघड. फिल्टरच्या, म्हणजे आलेल्या मेलचं आपोआप काय करायचं या नियमांच्या, यादीत तळाला एक ओळ सापडली: 'इन्व्हॉइस' शब्द असलेला प्रत्येक मेल अमुक पत्त्यावर फॉरवर्ड करा आणि इथून डिलीट करा. चोर एकदाच आत आला होता, ही ओळ लिहून निघून गेला. पासवर्ड बदलून फिल्टर पुसला जात नाही. फिल्टर काढल्यावर मित्राचा पहिला प्रश्न: 'मग आता जुना पासवर्ड परत ठेवू? नवा लक्षात राहत नाही.'

मी दर महिन्याच्या एक तारखेला फिल्टर, फॉरवर्डिंग, रिकव्हरीचा (पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवायचा) फोन नंबर आणि लॉग-इन असलेली डिव्हाइसेस बघतो. पाच मिनिटं लागतात. त्याचाही कंटाळा असेल तर मला फोन करू नका.

दुसरी चूक म्हणजे दिसेल त्या अ‍ॅपला इनबॉक्सची परवानगी देणं. 'अनरोलमी' ही सेवा नको असलेल्या मेलपासून सुटका करून द्यायची, तीही फुकट. मोबदल्यात लोकांच्या खरेदीच्या पावत्या तिच्या मालक कंपनीकडे जायच्या आणि त्यातली माहिती, नावं काढून, बाजार-संशोधन म्हणून विकली जायची. 2019 मध्ये एफटीसीने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, त्यावरून कारवाई केली. परवानगीच्या खिडकीत 'तुमचे मेल वाचणे' असं स्पष्ट लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण? घाई असते ना.

'गूगल आपले मेल वाचून जाहिराती दाखवतं' हे अजूनही ऐकू येतं. जाहिरातींसाठी मेल चाळणं थांबवत असल्याचं त्यांनी 2017 मध्येच जाहीर केलं. मात्र स्पॅम ओळखायला यंत्र मेल वाचतंच, आणि सर्व्हरवरच्या मेलची किल्ली सहसा कंपनीकडेच असते. ब्राउझरमधलं 'https'चं कुलूप फक्त मेल वाटेत असताना तो वाचू पाहणाऱ्या चोरासाठी. म्हणून ओळखपत्राचा फोटो मी मेलमध्ये उघडा टाकत नाही.

पासवर्ड विसरल्यावर ओळख पटवायला विचारतात त्या सिक्युरिटी प्रश्नाचं खरं उत्तर देऊ नका. 2008 मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहू खातं सार्वजनिक माहितीतून उत्तरं शोधूनच उघडलं गेलं. माझी उत्तरं धादांत खोटी आहेत, वहीत लिहिलेली.

एकच पासवर्ड सगळीकडे? मग एक खातं फुटलं की बाकीचीही उघडी. 2013 मध्ये याहूची सगळी, म्हणजे 3 अब्ज खाती फुटली होती.

मेलमधली चित्रं आपोआप उघडू देऊ नका. मेल कधी उघडला हे पाठवणाऱ्याला त्यातूनच कळतं.

आणि ते जुनं, विसरलेलं खातं. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं. तेच दुसऱ्या खात्याचा रिकव्हरी पत्ता म्हणून दिलेलं असेल, तर आजच बदला.