करवाढीवर हरकत घ्यायची तर: नोटिशीआधीपासूनची तयारी

नगरपरिषदेच्या चतुर्वार्षिक करआकारणीविरुद्ध नागरिक उभे राहतात आणि बहुतेक ठिकाणी तारखांवर हरतात. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार दर चार वर्षांनी आकारणी सुधारली जाते. यादी प्रसिद्ध झाली की कलम ११९ ची नोटीस निघते आणि हरकतीला साधारण ३० दिवस मिळतात. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायलाही कार्यालयाला ३० दिवसच असतात. म्हणजे नोटीस हातात पडल्यावर अर्ज टाकला, तर कागद येईपर्यंत हरकतीची मुदत संपलेली असते. म्हणून गेल्या वेळची आकारणी कोणत्या वर्षापासून लागू झाली ते जुन्या बिलावर पाहा, त्यात चार मिळवा आणि त्या वर्षाच्या आधीच्या दिवाळीनंतर लगेच कामाला लागा. गावात कुणी टेप घेऊन घरं मोजत फिरू लागलं किंवा जीआयएस (संगणकीय नकाशाच्या) सर्वेक्षणाचे क्रमांक भिंतींवर दिसू लागले, तर आकारणी जवळ आली असं धरून चाला.

माहिती अधिकाराचे अर्ज तीन वेगवेगळे करा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. सगळं एकाच कागदावर कोंबलेला अर्ज त्याच कारणाने परत येतो आणि महिना वाया जातो. पहिल्या अर्जात आकारणीचे कागद मागा: झोननिहाय (दरासाठी पाडलेल्या गावाच्या भागांनुसार) भाडेदरांचा तक्ता, झोनचा नकाशा, कराच्या टक्क्यांचा ठराव, सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेचा कार्यारंभ आदेश. दुसऱ्यात गेल्या तीन वर्षांची मागणी, वसुली आणि बाकी यांचं विवरण, चालू आणि थकीत वेगळं दाखवलेलं. तिसऱ्यात तीन वर्षांचे अर्थसंकल्प, स्थानिक निधी लेखापरीक्षेचे अहवाल आणि त्यांचे अनुपालन, म्हणजे आक्षेपांवर काय केलं त्याचं उत्तर. ‘का’, ‘कशासाठी’, ‘कोण जबाबदार’ असे प्रश्न विचारू नका. कायद्याने कागद मिळतो, खुलासा नाही. प्रत्येक अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, झेरॉक्सला पानामागे २ रुपये धरा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांच्या तिकिटासह प्रथम अपील टाका. उशीर झालाच असेल तर एक वाट उरते: २०१८ पासून जिल्हा स्तरावरील कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांनी अभिलेख पाहावेत अशी शासनाने सोय केली आहे. दोघांनी जावं, एकाने वाचावं, दुसऱ्याने पान क्रमांकासह टिपून घ्यावं.

आता स्वतःच्या घराचा हिशेब. भाडेमूल्य पद्धतीत, म्हणजे घराला किती भाडं येईल त्यावर कर काढताना, गणित सोपं आहे आणि ते प्रत्येक घरात एकाला तरी तोंडपाठ हवं. समजा ६० चौरस मीटर घर आहे आणि झोनचा दर दरमहा चौरस मीटरला १५ रुपये. महिन्याला ९००, वर्षाला १०,८०० रुपये हे वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की ९,७२० रुपये करयोग्य मूल्य. संकलित कर (एकत्रित घरपट्टी) २५ टक्के असेल तर २,४३० रुपये. (आकडे उदाहरणाचे, तुमच्या गावचे दर पहिल्या अर्जाच्या उत्तरात मिळतील.) याच घराची नोंद चुकून ५ चौरस मीटर जास्त झाली, तर वर्षाला सुमारे २०० रुपये जादा जातात, आणि ते चार वर्षं जात राहतात.

चुका ठरलेल्या जागी सापडतात, त्याच तपासा. मोजणी बाहेरच्या भिंतीवरून झाली आणि दर चटई क्षेत्राचा (भिंतींच्या आतल्या जागेचा) लावला, हे सर्वांत जास्त. चौरस फूट आणि चौरस मीटर यांची सरमिसळ: एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट, त्यामुळे आकडा दहापटीच्या आसपास फुगलेला दिसला की चूक इथेच असते. पत्र्याच्या किंवा कौलारू घराला आरसीसीचा दर लागलेला असतो. बांधकामाचं वर्ष कोरं सोडलं की घसारा (जुनेपणाची सूट) मिळत नाही आणि साठ वर्षांचं घर नवं धरलं जातं. घराच्या पुढच्या खोलीत कधीकाळी पिठाची गिरणी होती, ती बंद होऊन वर्षं झाली तरी तेवढा भाग अनिवासीच राहतो. मालक स्वतः राहत असताना भाडेकरू दाखवलेला असतो. यांपैकी प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो: मोजमापाला ३० मीटरची टेप, हातानं काढलेला नकाशा आणि प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी, बांधकामाच्या वर्षाला जुनी परवानगी, जुनं करबिल किंवा पहिलं वीजबिल, बंद व्यवसायाला घरगुती वर्गातलं सध्याचं वीजबिल आणि तारीख दिसेल असा फोटो. मोजताना शेजारचं घर तुम्ही मोजा आणि तुमचं शेजाऱ्याला मोजू द्या, म्हणजे आकड्यांवर विश्वास बसतो. परवानगीशिवाय वाढवलेली खोली असेल तर ती लपवून हरकत घेऊ नका. सुनावणीत ती निघाली की बाकीच्या रास्त मुद्द्यांचंही वजन जातं.

बिलातल्या ओळीही वेगळ्या करा. शिक्षण कर आणि अनिवासी मालमत्तेवरचा रोजगार हमी कर हे राज्य सरकारचे आहेत, नगरपरिषद ते फक्त गोळा करते. त्यांच्या टक्क्यांवर नगरपरिषदेत भांडून हाती काही लागत नाही. पण करयोग्य मूल्य कमी झालं की हे करही आपोआप उतरतात.

हरकत प्रत्येक मालमत्तेची स्वतंत्र हवी. पाचशे सह्यांचं एकच निवेदन वर्तमानपत्राला चांगलं दिसतं, पण सुनावणी मालमत्ता क्रमांकानुसार होते आणि सामूहिक निवेदन कुठल्याच क्रमांकाच्या नोंदीवर चढत नाही. एका पानाचा छापील नमुना करा: मालमत्ता क्रमांक, नोटिशीचा क्रमांक व तारीख, नोंदीतला आकडा, खरा आकडा, जोडलेला पुरावा, सही. २०० घरांसाठी प्रत्येकी दोन प्रती म्हणजे ४०० पानं, बिघडणाऱ्यांसह ४५० छापा. एक प्रत आवक-जावकला द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. नुसती सही म्हणजे पोच नव्हे. कारकून शिक्का द्यायला टाळाटाळ करत असेल तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती अर्जाला टाचा. शेवटच्या दोन दिवसांवर काही ठेवू नका. त्या दिवसांत खिडकीवर रांग असते आणि ‘साहेब नाहीत’ हे उत्तर असतं.

सुनावणीआधी कोणाला काय मागायचं ते नक्की करा, कारण इथे गोंधळ झाला की अख्खा दिवस वाया जातो. घराचं मूल्य प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी ठरवतात. ते नगररचना आणि मूल्यनिर्धारण विभागाचे असतात. कराचा टक्का मात्र नगरपरिषदेच्या ठरावाने ठरतो. मूल्यनिर्धारण अधिकाऱ्यांपुढे ‘टक्का कमी करा’ म्हणणं व्यर्थ आहे, तो त्यांच्या हातात नाही. त्यांच्यापुढे क्षेत्रफळ, झोन, वापर, बांधकामाचा प्रकार आणि वय एवढंच बोला. माणशी तीन-चार मिनिटं मिळतात, ती घोषणेत घालवू नका. टक्क्याची लढाई सभागृहात, मुख्याधिकाऱ्यांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे. नगरपरिषदेचा ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध असेल तर कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे.

टक्क्याची लढाई खर्चाच्या कागदांवर उभी राहते, आणि सगळ्यात जास्त कष्ट इथे घ्यायला हवेत. ‘पैसे उधळता आणि आमच्यावर बोजा टाकता’ हे वाक्य कुठल्याही सभेत टाळ्या घेतं, पण लेखाधिकारी ते एका मिनिटात खोडून काढतो: चौकातलं सुशोभीकरण राज्याच्या अनुदानातून झालं, तो पैसा दुसरीकडे वळवता येत नाही. त्याचं म्हणणं बरोबर असतं. म्हणून प्रत्येक कामापुढे निधी कुठला ते लिहा आणि मग पुढचा प्रश्न विचारा: त्या कारंज्याची देखभाल, दिव्यांचं वीजबिल, रखवालदाराचा पगार कुठून जातो? तो नगरपरिषदेच्या स्वतःच्या फंडातून जातो, म्हणजे करातून. अनुदानातून बांधलेल्या वास्तूंचा वर्षाचा चालवण्याचा खर्च एका तक्त्यात मांडला की करवाढीचं खरं कारण पुष्कळदा तिथेच दिसतं.

दुसरा तक्ता वसुलीचा. समजा चालू वर्षाची मागणी २ कोटी आणि तिची वसुली ६० टक्के आहे. वसुली ८० टक्क्यांवर नेली तर दर न वाढवता ४० लाख जास्त येतात, आणि दरवर्षी येतात. जुन्या थकबाकीचा आकडा या युक्तिवादात मिसळू नका. ती एकदाच मिळणारी रक्कम आहे, करवाढ कायमची, आणि हा फरक समोरचा लगेच दाखवून देईल. मोठ्या थकबाकीदारांची यादी मात्र जरूर घ्या, तिच्यात सरकारी कार्यालयंही निघतात. केंद्राच्या अटीमुळे वाढ करावी लागते असं सांगितलं गेलं, तर अट नेमकी वाचा: पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानासाठी मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करायला आणि वसुली राज्याच्या सकल उत्पादनाच्या (जीएसडीपी) वाढीच्या प्रमाणात वाढवायला सांगितलं होतं. तुमच्या गावचा हाच टक्का त्यात कुठेही नाही.

तिसरा तक्ता कामांचा. पाच कामं निवडा, पन्नास नको. प्रत्येकाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, अंतिम देयक आणि त्रयस्थ तपासणी अहवाल मिळवा. १०० मीटर लांब, ४ मीटर रुंद गल्लीत १५ सेंटिमीटर जाडीचं काँक्रीट म्हणजे ६० घनमीटर. पुस्तिकेत २० सेंटिमीटर लिहिलं असेल तर ८० घनमीटरचे पैसे गेले. रस्त्याच्या कडेला जाडी दिसते, तिथे पट्टी लावून फोटो काढा. एकाच गल्लीचं काम तीन तुकड्यांत, सलग तारखांना, ई-निविदेच्या मर्यादेखाली दिलेलं दिसलं तर तिन्ही कार्यारंभ आदेश शेजारीशेजारी ठेवून दाखवा. लेखापरीक्षेचे आक्षेप वर्षानुवर्षं ‘अनुपालन प्रलंबित’ असतात, त्यांचे परिच्छेद क्रमांक नोंदवा. लेखापरीक्षा नागरिकांच्या बाजूनेच बोलेल असं मात्र समजू नका. पुण्यात स्वतः राहणाऱ्या घरमालकांना १९७० पासून मिळणारी ४० टक्के सवलत लेखापरीक्षेतल्या आक्षेपानंतरच बंद झाली. नागरिकांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०२३ मध्ये ती परत आली, आणि तरीही अनेकांना स्वतः राहत असल्याचा पीटी-३ अर्ज पुराव्यासह भरल्याशिवाय मिळाली नाही.

मुंबई सोडून इतर महानगरपालिकांत चौकट थोडी वेगळी. कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात, म्हणून जानेवारीतच नगरसेवकांना आणि स्थायी समितीला तक्ते द्या. आकारणीविरुद्ध न्यायालयात अपील करायचं तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ प्रमाणे १५ दिवसांची मुदत आहे, आधी आयुक्तांकडे तक्रार केलेली असावी लागते आणि कराची रक्कम भरावी लागते. खेड्यात नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा) उतारा काढा आणि विषय २६ जानेवारीच्या ग्रामसभेत लेखी द्या.

मोर्चा काढायचा असेल तर पोलीस ठाण्यात मार्ग, वेळ आणि अंदाजे संख्या लिहून आठवडाभर आधी अर्ज द्या, ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी घ्या, आणि जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा जमावबंदी आदेश लागू आहे का ते विचारा. मोर्चा सभेच्या दिवशीच काढा, सुट्टीच्या दिवशी निवेदन शिपाई घेतो.

कर भरणं थांबवण्याची हाक कधीही देऊ नका. थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती (दंड) चढते, वर्षाला २४ टक्के, आणि ती पेन्शनवर जगणाऱ्या घरांना सगळ्यात आधी बुडवते. ‘हरकत राखून भरणा’ असं पत्र जोडून भरा, त्याचीही पोच घ्या.

निकाल लागला की आदेशाची प्रत लेखी मागा आणि नव्या बिलाशी ताडून पाहा. आदेशात क्षेत्रफळ कमी झालेलं असतं आणि संगणकातली नोंद तशीच राहते, हे फार वेळा घडतं. बिल दुरुस्त होईपर्यंत नमुन्याची दुसरी प्रत, पोच, आदेश आणि पावती एकाच फायलीत ठेवा, गल्लीची एक वही करा आणि तिच्या पहिल्या पानावर पुढच्या आकारणीचं वर्ष लिहून ठेवा.