फेनबानवर सायकलने जाताय? या चुका टाळा

जर्मनीतल्या आखेनपासून लक्झेंबर्गमधल्या त्रुआव्हिएर्जपर्यंत जाणारा फेनबान हा सुमारे १२५ किलोमीटरचा सायकलरस्ता. मधला मोठा भाग बेल्जियममधून जातो. कोळसा आणि लोहखनिज वाहून नेण्यासाठी १८८० च्या दशकात इथे रेल्वे टाकली होती. ती बंद पडली, आता त्याच मार्गावर डांबरी पट्टा आहे. दोन्ही बाजूंना बीच आणि स्प्रूसचं जंगल, मध्येच कुरणं, एखादं जुनं स्टेशन. मोटारी नाहीत. आगगाडीसाठी आखलेला मार्ग असल्यामुळे चढ बहुतेक ठिकाणी दोन टक्क्यांच्या आत.

आखेनमध्ये शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी तर हा घरामागचाच रस्ता आहे. सुट्टीत भेटायला आलेल्या आईबाबांनाही इथे निर्धास्तपणे सायकल चालवता येते. युरोपात इतका सुंदर आणि इतका सोपा लांब पल्ला फार थोड्या ठिकाणी मिळेल. पण सोपा म्हटलं की तयारी ढिली पडते, आणि या वाटेवरच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात.

“चढ नाहीच” असं धरून चालणं

सगळ्यात मोठी चूक हीच. आखेनहून निघालात की पहिले पन्नास-साठ किलोमीटर, बेल्जियममधल्या सूरब्रोट गावापर्यंत, वाट हळूहळू चढतच असते. एकूण साडेतीनशे मीटरांहून जास्त उंची गाठायची असते, पण डोळ्यांना रस्ता सपाट दिसतो. त्यामुळे माणूस सपाटीवरच्या जड गिअरवर रेटत राहतो आणि “आज पायात दमच नाही” म्हणत वाटेतल्या मोनशाउ गावाला पोचेपर्यंत गळून जातो. घाटात निदान उतार तरी येतो, इथे पाय थांबवायला जागाच नाही. सुरुवातीपासून एक-दोन गिअर हलके ठेवा, पाय भरभर फिरू द्या. बोलता बोलता धाप लागत नसेल, तर वेग बरोबर आहे.

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं तर आधी सीटची उंची बघा. टाच पॅडलवर ठेवली की खालच्या टप्प्यात पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. भाड्याच्या सायकलींची सीट बहुधा खालीच असते आणि लोक लाजेखातर ती तशीच ठेवतात. तळहातांना मुंग्या येत असतील तर शरीराचा भार हातांवर पडतोय. हँडल थोडं वर घ्या आणि पकड बदलत राहा.

ई-बाइकवाल्यांनीही सांभाळून असावं. पहिल्याच चढाला टर्बो लावला तर बॅटरी भलत्या ठिकाणी संपते, आणि ते जड धूड नुसत्या पायांनी ओढण्यात काही मजा नाही. इको मोडवर निघा, चार्जर सोबत ठेवा.

उलट्या दिशेबद्दलचा गैरसमज

“त्रुआव्हिएर्जहून सुरू करा, सगळा उतारच आहे” असा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धाच खरा आहे. सुरुवातीला लेंगेलरजवळ जुना बोगदा लागतो. तो वटवाघळांसाठी राखून बंद ठेवलाय, त्यामुळे टेकडीवरून वळसा घालावा लागतो आणि अख्ख्या मार्गातला जाणवण्यासारखा खडा चढ तोच. पुढे बुर्ग-रॉयलांडपर्यंत उतरता आणि तिथून झांक्ट फीटमार्गे सूरब्रोटपर्यंत पुन्हा चढता. खरा उतार त्यानंतर, थेट आखेनपर्यंत.

तरीही मी हीच दिशा सुचवेन, कारण शेवटच्या दिवशी, अंग आंबलेलं असताना, वाट तुम्हाला पुढे नेते. त्रुआव्हिएर्जपर्यंत ट्रेनने जायचं असेल तर लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून सार्वजनिक वाहतूक मोफत आहे, ट्रेनमध्ये जागा असली की सायकलचंही तिकीट लागत नाही. जर्मनीत मात्र तसं नाही. डॉइचलांडटिकेट (लोकल गाड्यांचा देशभर चालणारा मासिक पास) तुमच्यापुरतं असतं, सायकलचं तिकीट वेगळं काढायचं.

एका दिवसात १२५ किलोमीटर

सराव असेल तर जमतंही, पण मग बघायचं काय? झांक्ट फीट आणि मोनशाउ असे दोन मुक्काम करा. मोनशाउत एक फसगत होते: वाट गावाच्या वरून जाते आणि जुनं गाव खाली रुर नदीच्या दरीत आहे. “जरा कॉफी पिऊन येऊ” म्हणून खाली उतरलात की परतीचा चढ फेनबानसारखा दयाळू नसतो. तिथे राहणारच असाल तर दिवसाच्या शेवटी उतरा. घाईत असाल तर वरूनच पुढे निघा.

पंक्चरची तयारी न करणं

गाड्या नाहीत म्हणजे मदतही नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. पंप घेताना तो आपल्या व्हॉल्व्हला बसतो का, हे घरीच हवा भरून बघा. जर्मन शहरी सायकलींना अनेकदा आपल्याकडच्या जुन्या ॲटलस-हर्क्युलिसच्या जातीचा व्हॉल्व्ह असतो. काहींना मोटारीसारखा जाड, तर रेसिंग सायकलींना बारीक लांब. मित्राचा पंप “चालेल” म्हणून घेतलेला, तोच नेमका चालत नाही.

हबमध्येच (चाकाच्या मधल्या भागातच) गिअर किंवा मागे पॅडल फिरवून लागणारा ब्रेक असेल, तर मागचं चाक काढणं किचकट काम असतं. काढूच नका. आपला पंक्चरवाला करतो तसं करा: सायकल उलटी करा, टायरची एक बाजू लिव्हरने सोडवून ट्यूब बाहेर ओढा, हवा भरून गालाजवळ फिरवा, भोक सापडेल. तिथे घासकागद मारा, सोल्युशन लावा आणि त्याची ओलसर चकाकी जाईपर्यंत थांबा. ओल्यावरच चिकटवलेलं ठिगळ पुढच्या गावापर्यंतही टिकत नाही. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून सावकाश बोटं फिरवा. काटा किंवा काचेचा कण तिथेच अडकून राहिला, तर पाच मिनिटांत पुन्हा तीच कथा.

हवामान आणि कपडे

आखेनमध्ये ऊन आहे म्हणून नुसत्या टी-शर्टवर निघू नका. सूरब्रोटच्या आसपास तुम्ही होहेस फेन या दलदलीच्या पठाराच्या कडेला असता. बेल्जियमचं सर्वांत उंच ठिकाण, ६९४ मीटरचं बोत्रांज, जवळच आहे. तिथे धुकं, वारा आणि थंड पाऊस उन्हाळ्यातही येतो. पातळ विंडचीटर आणि बोटं झाकणारे हातमोजे पुरतात. शरद ऋतूत ओल्या पानांवर आणि पुलांच्या लाकडी फळ्यांवर वळताना ब्रेक दाबू नका. रस्ता ओलांडायच्या जागी मधोमध खांब असतात, तिथे गप्पा मारत जोडीने जाणं बंद.

आपण कुठल्या देशात आहोत?

पहिल्या महायुद्धानंतर या रेल्वेची जमीन बेल्जियमला मिळाली. म्हणून आजही काही ठिकाणी दोन्ही बाजूंना जर्मनी आणि तुमच्या चाकांखालची चिंचोळी पट्टी बेल्जियमची, अशी गंमत आहे. तिच्यामुळे जर्मनीचे पाच तुकडे मुख्य भूमीपासून वेगळे पडलेत. नकाशाची आवड असेल त्याने तेवढ्यासाठी तरी इथे यावं.

फोन मात्र कधी जर्मन टॉवर पकडतो, कधी बेल्जियन. मदतीसाठी ११२ लावलात तर नुसतं “मी जर्मनीत आहे” सांगू नका. शेवटचं गाव आणि पाटीवरचा चौकाचा आकडा सांगा. पूर्व बेल्जियममध्ये सायकलवाटांच्या चौकांना आकडे दिलेले आहेत, ते वाचत जायची सवय ठेवा. पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट खिशात हवं. शेंगेन असलं तरी सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली.

रविवार, जेवण आणि गोचीड

जर्मनीत रविवारी दुकानं बंद. शनिवारीच खरेदी करा, नाहीतर घरचे ठेपले, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू बांधून न्या. ते दोन दिवस सहज टिकतात. शाकाहारी असाल तर बेल्जियममध्ये बटाट्याचे फ्रिट घेण्याआधी कशात तळलेत ते विचारा. पारंपरिक पद्धतीत ते गाईच्या चरबीत तळतात.

कुरणात बसलात, झाडीत गेलात, तर मुक्कामी पोचल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी गोचीड आहे का बघा. असेल तर बारीक चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ ओढून काढा. तेल, नेलपॉलिश असलं काही लावू नका. पुढच्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत चाव्याभोवती पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर डॉक्टरकडे जा. ती लाइम आजाराची खूण असू शकते आणि वेळेत अँटिबायोटिक घेतली तर तो बरा होतो. चावल्याची तारीख फोनमध्ये लिहून ठेवा, डॉक्टर तीच आधी विचारतील.