रीबूटच्या आधी: स्वॅप आणि सेवांचा क्रम

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या चालू सर्व्हरला स्वॅप (रॅममधला मजकूर उतरवण्यासाठी डिस्कवर राखलेली जागा) जोडायचा असेल, तर आधी मेमरीचा वापर दाखवणारी ‘फ्री’ आणि स्वॅप सुरू करणारी व चालू स्वॅप दाखवणारी ‘स्वॅपऑन’ या आज्ञांचे सध्याचे उत्तर एका फाइलमध्ये उतरवून ठेवावे आणि एफस्टॅबची (सुरू होताना कोणत्या डिस्क आणि स्वॅप जोडायचे याची यादी असलेल्या फाइलची) प्रत काढावी. मशीन दूर कुठे असेल, तर एसएसएच या नेटवर्कवरून लॉगिन करण्याच्या सोयीखेरीज कन्सोल (मशीनचा स्वतःचा पडदा आणि कीबोर्ड) गाठण्याचा दुसरा मार्ग चालतो ना, हेही तपासावे. कारण एफस्टॅबमधली माउंटची (डिस्क एखाद्या फोल्डरला जोडण्याची) ओळ चुकली की सिस्टिम इमर्जन्सी मोडमध्ये थांबते आणि तिथे एसएसएच सुरू झालेले नसते.

आकाराबाबत फार घोळ घालू नये. लॅपटॉप हायबरनेट करायचा (मेमरी डिस्कवर उतरवून बंद करायचा) असेल तर स्वॅप रॅमएवढा तरी असावा. 8 जीबी रॅमच्या साध्या सर्व्हरला माझ्या मते 4 जीबी पुरतात. स्वॅप फाइल ‘डीडी’ आज्ञेने शून्ये भरून तयार करावी, वेळ लागतो, पण मध्ये मोकळ्या जागा राहिलेली फाइल ‘स्वॅपऑन’ स्वीकारत नाही, तो प्रश्न उरत नाही. फाइलची परवानगी 600 (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवावी, कारण मेमरीतले पासवर्डही इथे उतरू शकतात. स्वॅपिनेसचे (सिस्टिम स्वॅपकडे किती लवकर वळते ते ठरवणाऱ्या आकड्याचे) मूळ मूल्य 60 असते. ते पहिल्याच दिवशी बदलण्याची घाई नको.

फाइलऐवजी पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) वापरत असाल, तर एक गोष्ट विशेष जपावी. स्वॅपची जागा तयार करणारे ‘एमकेस्वॅप’ पुन्हा चालवले की पार्टिशनला नवा यूयूआयडी (ओळखक्रमांक) मिळतो आणि एफस्टॅबमध्ये मात्र जुनाच राहतो. पुढच्या रीबूटला पडद्यावर लाल तारका इकडून तिकडे सरकत राहतात, शेजारी सेकंद मोजले जातात, आणि दीड मिनिट संपल्यावर सिस्टिम स्वॅपशिवायच पुढे जाते. मी स्वतः अशा वेळी डिस्क गेली असे समजून नवी मागवण्याच्या बेतात होतो. म्हणून ‘बीएलकेआयडी’ आज्ञेने दाखवलेला यूयूआयडी एफस्टॅबमधल्या यूयूआयडीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा, ‘फाइंडमाउंट’च्या व्हेरिफाय पर्यायाने सगळी फाइल तपासावी आणि सिस्टिमडीला (मशीन सुरू होताना सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) डेमन-रीलोड, म्हणजे सेटिंग्ज पुन्हा वाचायला, सांगावे, कारण एफस्टॅबच्या ओळींवरून तो स्वतःची युनिटे (सेवा, माउंट, स्वॅप यांच्या नोंदी) बनवतो. हायबरनेशनसाठी जुना यूयूआयडी इनिटरामएफएसच्या (मशीन सुरू होताना सर्वांत आधी मेमरीत उघडणाऱ्या छोट्या फाइल-संचाच्या) रिझ्यूम सेटिंगमध्येही नोंदलेला असू शकतो. तो बदलून इनिटरामएफएस पुन्हा तयार करावे.

आता सेवांचा क्रम. नेहमीच्या सेवा स्वॅप टार्गेटनंतरच (स्वॅप सुरू करण्याच्या टप्प्यानंतरच) सुरू होतात, त्यामुळे त्यासाठी वेगळे काही लिहावे लागत नाही. अडचण येते ती डेटाबेसचा डेटा वेगळ्या डिस्कवर असतो तेव्हा. युनिट फाइलमधला ‘आफ्टर’ हा शब्द फक्त क्रम ठरवतो, दुसऱ्या युनिटला सुरू करत नाही. ‘रिक्वायर्स’ सुरू करतो, पण ‘आफ्टर’ जोडीला नसेल तर दोन्ही एकदमच सुटतात. डिस्कच्या बाबतीत ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ ही एकच ओळ दोन्ही कामे करते. ती मूळ युनिट फाइलमध्ये न लिहिता ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ने वेगळ्या तुकड्यात लिहावी, नाहीतर पॅकेज अद्ययावत झाल्यावर बदल पुसला जाईल. दोन सेवा एकमेकींनंतर सुरू व्हाव्यात असे चुकून लिहिले गेले, तर वर्तुळ तोडण्यासाठी सिस्टिमडी त्यातले एखादे काम सरळ वगळतो. म्हणून ‘सिस्टिमडी-अॅनालाइझ’चा व्हेरिफाय पर्याय आधीच चालवून पाहावा.

रीबूट शक्यतो कामाच्या वेळेबाहेर करावे. मशीन उठल्यावर ‘स्वॅपऑन’चे उत्तर उतरवून ठेवलेल्या फाइलशी ताडावे आणि ‘सिस्टिमडी-अॅनालाइझ’च्या ‘क्रिटिकल-चेन’मध्ये (कोणते युनिट कोणासाठी थांबले ते दाखवणाऱ्या यादीत) डेटाबेसच्या खाली त्याच्या डिस्कचे माउंट दिसते का ते पाहावे.