‘यूज्ड टू’ नेमकं कधी आणि कसं वापरायचं?

समजा, मुलाकडे लंडनला गेलेल्या आजींना तिथले डॉक्टर विचारतात, रक्तदाबाची गोळी घेता का? आजी म्हणतात, “येस, आय यूज्ड टू टेक इट एव्हरी नाइट.” त्यांना म्हणायचं असतं, रोज रात्री घेते. डॉक्टर समजतात, पूर्वी घ्यायच्या, आता बंद केली आहे. नोकरीच्या मुलाखतीतही तेच होतं. “आय यूज्ड टू हँडल द अकाउंट्स” म्हटलं, की समोरच्याला वाटतं ते काम तुमच्याकडून गेलं.

ही चूक भारतात सर्रास ऐकू येते आणि ती सुधारणं अजिबात अवघड नाही. त्यासाठी आधी एक गोष्ट पक्की करा: ‘यूज्ड टू’ने सांगितलेली सवय संपलेली असते. वाक्य बोलण्याआधी त्याच्यापुढे मनात “आता नाही” जोडून पाहा. “मी रोज सहाला उठते, आता नाही” हे जुळत नाही, म्हणून तिथे ‘यूज्ड टू’ नको. “आय गेट अप ॲट सिक्स” एवढं साधं वाक्य पुरतं. फार तर ‘यूज्वली’ घाला. आजच्या सवयीसाठी ‘आय यूज टू गो’ असा वर्तमानकाळही करू नका. आजच्या इंग्रजीत तसं रूप नाही.

मराठी माणसाला इथे एक मोठी सोय आहे, ती म्हणजे आपला रीतिभूतकाळ. ‘आजोबा रोज नदीवर जात’, ‘जात असत’ आणि बोलण्यातलं ‘जायचे’. ही रूपं मनात आली की बहुतेक वेळा बेलाशक ‘यूज्ड टू’ वापरा: “ग्रँडफादर यूज्ड टू गो टू द रिव्हर.” ‘टू’नंतर क्रियापद मूळ रूपातच राहतं. ‘वेंट’ नाही, ‘गोइंग’ही नाही.

दोन ठिकाणी मात्र मराठी आपल्याला चकवते. पहिलं, ‘इथे गिरणी होती’. मराठीत नुसत्या ‘होती’वर भागतं. परळ-लालबागमध्ये १९८२च्या संपानंतर एकामागून एक बंद पडलेल्या गिरण्यांबद्दल इंग्रजीत सांगताना “देअर यूज्ड टू बी अ मिल हिअर” म्हटलं, तर ‘आता नाही’ हेही त्यातच येतं. तसंच “ट्रॅम्स यूज्ड टू रन इन बॉम्बे”. मुंबईतली ट्रॅम १९६४मध्ये बंद झाली, त्यामुळे हे वाक्य अगदी चपखल बसतं. दुसरं ठिकाण उलटं आहे. ‘मी पाच वर्षं नाशिकला राहत होतो’ हे ऐकताच ‘यूज्ड टू’ तोंडात येतं, पण किती वर्षं हे सांगितलं की ते चालत नाही. “आय लिव्ड इन नाशिक फॉर फाइव्ह इयर्स” म्हणा. पाच वर्षं गाळलीत, तर “आय यूज्ड टू लिव्ह इन नाशिक” बरोबर. किती वेळा केलं याचा आकडा आला तरी हाच नियम.

आता ‘यूज्ड टू’च्या आधी ‘ॲम, इज, आर, वॉज’ आलं, तर अर्थच बदलतो. “आय ॲम यूज्ड टू द क्राउड” म्हणजे मला गर्दीची सवय आहे. सवय अजून होते आहे, अंगवळणी पडते आहे, असं सांगायचं असेल तर ‘गेटिंग यूज्ड टू’: नव्याने लोकलने जाऊ लागलेला माणूस म्हणेल, “आय ॲम गेटिंग यूज्ड टू द क्राउड.” इथे पुढे क्रियापद आलं तर त्याला ‘इंग’ लागतं: “आय ॲम यूज्ड टू स्टँडिंग.” शंका आली तर ‘टू’नंतर ‘इट’ (खाण्याचं ‘ईट’ नव्हे, ‘ते’ या अर्थाचं) ठेवून पाहा. “आय ॲम यूज्ड टू इट” चालतं, म्हणून ‘स्टँडिंग’. “आय यूज्ड टू इट” चालत नाही, म्हणून नुसतं ‘स्टँड’.

“धिस नाइफ इज यूज्ड टू कट व्हेजिटेबल्स” यातलं ‘यूज्ड’ मात्र साधं ‘वापरणे’ आहे. उच्चारातही फरक आहे. वापरण्याच्या अर्थी ‘झ्ड’ स्पष्ट ऐकू येतो, सवयीच्या अर्थी त्याचा ‘स’ होतो आणि दोन शब्द जोडून ‘यूस्टू’ असे निघतात. बातम्या ऐकताना कान देऊन पाहा.

प्रश्न आणि नकार यांत ‘डिड’ येतो, त्यामुळे लिहिताना ‘यूज्ड’मधला शेवटचा ‘डी’ गळतो: “डिड यू यूज टू प्ले कबड्डी?”, “आय डिडन्ट यूज टू लाइक कारलं.” बोलताना फरक जवळजवळ ऐकूच येत नाही. नकारासाठी ‘नेव्हर यूज्ड टू’ही चालतं आणि मला ते जास्त सुटसुटीत वाटतं.

सरावासाठी घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारा. चुलीवर भाकरी व्हायची, विहिरीवरून पाणी आणायचे, रात्री रेडिओ ऐकायचे. त्यातली पाच वाक्यं इंग्रजीत लिहा, मग त्यातलं आजही चालू असलेलं वाक्य शोधा आणि तेवढं साध्या वर्तमानकाळात बदला.