ट्रॉलीचा स्टब तुटला? वेल्डिंग मारण्याआधी या चुका टाळा

पॉवर टिलरच्या ट्रॉलीत जांभ्याचे चिरे भरून घाटी चढताना चाक कलंडलं, तर स्टब (ॲक्सलच्या टोकाचा, चाक ज्यावर फिरतं तो दांडा) बहुधा खांद्याशी, म्हणजे आतलं मोठं बेअरिंग टेकतं तिथे तुटलेला सापडतो. तुटलेला तुकडा भंगारात टाकण्याआधी फडक्याने पुसून बघा. तोंडावर शिंपल्यासारख्या गुळगुळीत वळ्या आणि उरलेला भाग दाणेदार असेल, तर तडा आधीपासून वाढत होता: जादा वजन किंवा खांद्याचा धारदार कोपरा. स्टब निळा-काळा पडून त्यावर चर उमटले असतील, तर आधी बेअरिंग जाम झालं. पावसात चिरा पाणी पितो, त्यामुळे चिऱ्यांची संख्या तेवढीच असली तरी वजन वाढतं, हेही धरा.

दोन तुकडे जुळवून वेल्डिंग मारणं ही सगळ्यात महाग चूक. स्टब बहुधा ईएन ८ सारख्या मध्यम कार्बन पोलादाचा असतो. थंड लोखंडावर साधा ६०१३ रॉड मारला की वेल्डलगतचा पट्टा ठिसूळ होतो, आणि वाकवणारा जोर नेमका तिथेच येतो. असा जोड भरल्या ट्रॉलीखाली टिकत नाही. नवा स्टब लेथवर करून घ्या. शेपटी लांब ठेवा, व्यासाच्या किमान दुप्पट ॲक्सलमध्ये घुसेल इतकी. खांद्याच्या कोपऱ्यात गोलाई ठेवायला सांगा, पण ती बेअरिंगच्या आतल्या कडेच्या चॅम्फरपेक्षा (तासलेल्या कोपऱ्यापेक्षा) लहान हवी, नाहीतर बेअरिंग खांद्याला टेकणारच नाही. बेअरिंग बसते तिथला व्यास बेअरिंगच्या नंबरावरूनही कळतो: ३०२०६ मधल्या ०६ ला ५ ने गुणा, ३० मिमी.

वेल्डिंग फक्त ॲक्सलच्या बाजूला, बेअरिंगच्या सीटपासून दूर. जागा साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा आणि कमी हायड्रोजनचा ७०१८ रॉड वापरा. आपल्याकडच्या दमट हवेत उघड्या पाकिटातला ७०१८ म्हणजे तड्याला निमंत्रण, कारण ओलाव्यातला हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो. रॉड ३०० ते ३५० अंशांवर तासभर भाजून घ्या. नंतर पाणी ओतू नका. राखेत किंवा कोरड्या वाळूत निवू द्या. हब (बेअरिंग ज्यात बसतात तो चाकाचा मधला भाग) काढूनच वेल्डिंग करा. अर्थिंगचा क्लॅम्प चाकाला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि रोलरवर खड्डे पडतात.

पक्कं वेल्ड मारण्याआधी टाके मारून दोन्ही चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजा. फरक दोन-तीन मिमीहून जास्त असेल तर टायर घासणार.

सील नवं घातलं तरी त्याचा ओठ (रबरी कड) ज्यावर घासतो ती स्टबची जागा खाऱ्या हवेने गंजून खरवडलेली असते. बारीक पॉलिश पेपरने ती गुळगुळीत करा, नाहीतर चिखलणीचं पाणी पहिल्याच आठवड्यात आत. बेअरिंगचे कप (बाहेरची कडी) आणि कोन (रोलरसह आतली कडी) जोडीनेच बदला.

कासल नट (पिनेसाठी खाचा असलेला नट) घट्ट आवळून सोडून देऊ नका. चाक फिरवत अडखळेपर्यंत आवळा, मग एका फेरीच्या सहाव्या भागाइतकं ढिलं करून जवळच्या भोकात नवी स्प्लिट पिन घाला. पिनेच्या जागी खिळा नको. ग्रीस रोलरमध्ये दाबून भरा, हबच्या पोकळीत मात्र अर्ध्याहून जास्त नको. पहिल्या दोन-तीन किलोमीटरनंतर हब हाताने तपासा: हात टेकवत नसेल तर नट जास्त आवळलाय.