मणक्याच्या दुखापतीनंतर लघवीचा त्रास: घरी होणाऱ्या या चुका टाळा

दादा माडावरून पडला त्याला आता सहा वर्षं झाली. छातीमागचा मणका मोडला, रिपोर्टात डी ५ लिहिलेलं, म्हणजे छातीमागचा वरून पाचवा मणका. पाय गेले ते सगळ्यांना दिसलं, येणारा जाणारा पायांचंच विचारायचा, पण लघवीचा विषय काढायला आम्हालाच लाज वाटायची आणि खरा धोका तिथेच होता. आमच्याकडून काय काय चुकलं ते लिहितेय, कोणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कपडे कोरडे आहेत, म्हणजे सगळं ठीक आहे असं धरून चालणं. या दुखापतीत बऱ्याचदा मूत्राशय जोरात आवळतं आणि त्याच वेळी खालचं तोंड उघडायचं सोडून घट्ट मिटतं, मग आत दाब वाढतो, लघवी उलटी किडनीकडे चढू शकते, आणि संवेदनाच नसल्यामुळे पेशंटला काही कळत नाही. त्यात आणखी एक, किडनीसाठी आपण रक्तातलं क्रिएटिनिन बघतो, पण ते स्नायूंतून येतं आणि पायांचे स्नायू सुकलेल्या माणसात ते मुळातच कमी असतं, त्यामुळे किडनी खराब व्हायला लागली तरी आकडा नॉर्मल दिसू शकतो. म्हणून वर्षातून एकदा सोनोग्राफी, आणि आतला दाब मोजणारी युरोडायनॅमिक टेस्ट कधी करायची ते युरॉलॉजिस्टला स्वतःहून विचारा. गोमेकॉला (गोवा मेडिकल कॉलेज) बांबोळीला जाणार असाल तर जुने सगळे रिपोर्ट एका फाईलीत घेऊन जा.

ओटीपोट दाबून लघवी काढणं बंद करा. कोणीतरी शेजारी सांगतो, आपण करतो, पण त्याने आतला दाब अजून वाढतो.

मे महिन्यात घामाच्या धारा लागतात आणि आपण काय करतो, कॅथेटर (लघवी काढायची नळी) कमी वेळा घालावा लागावा म्हणून पाणीच कमी देतो. लघवी घट्ट होते, इन्फेक्शन आणि खडे दोन्हींना वाव मिळतो. उलटी चूक पण होते, सकाळची पेज, दुपारची सोलकढी, दोन चहा हे कोणी मोजतच नाही. दादाला डॉक्टरांनी दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर सांगितलंय, त्यात हे सगळं आलं. कॅथेटर दिवसातून चार ते सहा वेळा, आणि एका वेळी ४०० ते ५०० मिलीच्या वर लघवी निघत असेल तर मधला वेळ जास्त होतोय असं समजा. तीन दिवस वहीत वेळ आणि मिली लिहून डॉक्टरांना दाखवा, तोंडी सांगण्यापेक्षा ते बरं.

कॅथेटर घालायची भीती आम्हालाही होती, ऑपरेशन थिएटरसारखं सगळं निर्जंतुक नको का म्हणून. १९७२ साली लॅपिडेस नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवलं की घरी साबणाने हात धुऊन स्वच्छ पद्धतीने घातलेली नळीही चालते, वेळच्या वेळी मूत्राशय रिकामं होणं जास्त महत्त्वाचं. जेली मात्र भरपूर लावा. नळी मध्येच अडली तर जोर लावू नका, थांबा, दीर्घ श्वास घ्यायला सांगा, मग हळूच सरकवा, तरीही जात नसेल किंवा रक्त आलं तर थेट डॉक्टरांकडे. कायमची फोली, म्हणजे आतच ठेवलेली नळी असेल तर लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली हवी, गाडीत बसवताना आपण ती सवयीने मांडीवर ठेवतो आणि लघवी परत आत जाते.

अँटिबायोटिकचं तर विचारू नका. वर्षभर आम्ही लघवीची कल्चर (जंतूंची तपासणी) करायचो, जंतू निघायचे, कोर्स व्हायचा, परत तेच. नंतर कळलं की कॅथेटर वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू असतातच, ताप, थंडी, पायांचे अचानक वाढलेले झटके, नेहमीपेक्षा जास्त गळती असं काही नसेल तर नुसत्या रिपोर्टवर औषध सहसा देत नाहीत, दिलं तर पुढे खरं इन्फेक्शन झालं की गोळ्या लागू पडत नाहीत. याच्या उलट, मूत्राशय शांत ठेवणाऱ्या ऑक्सिब्युटिनिनसारख्या गोळ्या मात्र आम्ही तोंड कोरडं पडतं म्हणून परस्पर बंद केल्या! असं करू नका. मिराबेग्रॉन आहे, बोटॉक्सचं इंजेक्शन आहे, पर्याय विचारा. आणि बद्धकोष्ठ सांभाळा, पोट साफ नसलं की मूत्राशयही बिघडतं.

आता चवथीचं सांगते. घरात माणसांची गर्दी, आरत्या, जेवणं, दादाची दुपारची कॅथेटरची वेळ चुकली ती रात्रीपर्यंत. अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल, कपाळावर घाम, आणि आम्ही त्याला चक्कर आली समजून आडवं केलं. अगदी चूक! डी ६ किंवा त्याच्या वर दुखापत असेल तर भरलेल्या मूत्राशयामुळे बीपी झपाट्याने चढतं आणि जिवावर बेतू शकतं. अशा वेळी लगेच उठून बसवा, कपडे सैल करा, कॅथेटर घालून लघवी काढा, फोली असेल तर नळी पिळलीय किंवा तुंबलीय का बघा, बीपी मोजत राहा, उतरत नसेल तर १०८. अशा पेशंटचं रोजचं वरचं बीपी बऱ्याचदा ९० ते ११० असतं, त्यामुळे १४० म्हणजे थोडंच वाढलंय असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. दादाच्या व्हीलचेअरच्या खिशात आता दोन कॅथेटर, जेली आणि त्याचं नेहमीचं बीपी लिहिलेली चिठ्ठी कायम असते.