गटकार्याचे गुण तक्त्याला देताय? या चुका टाळा

सातवीच्या वर्गाला मी एकदा ‘रंकाळ्याचं पाणी स्वच्छ कसं राहील’ असा गटप्रकल्प दिला होता. एका गटाचा तक्ता फारच देखणा आला आणि मी पाचही जणांना ‘अ’ श्रेणी देऊन टाकली. नंतर कळलं की तो एकीनं रात्री जागून एकटीनं केला होता. दोघांनी कार्डशीट आणलं होतं, एकानं नावं लिहिली होती आणि पाचव्याला विषयसुद्धा सांगता आला नाही. त्या मुलीवर अन्याय झालाच, पण बाकीच्या चौघांवर जास्त झाला. त्यांना एकत्र विचार करायची वेळच मी येऊ दिली नव्हती.

एकट्यानं उरकणारं काम गटाला देणं

बाकीच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. हुशार मूल एकट्यानं करू शकेल असं काम दिलं, की ते एकटंच करतं. काम असं हवं की प्रत्येकाकडे एक तुकडा असेल आणि तो बोलून दाखवल्याशिवाय कोडं सुटणार नाही. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांत याच तत्त्वावर ‘जिगसॉ’ पद्धत सुरू केली.

आपल्याकडे कोल्हापुरात पूर हा मुलांनी डोळ्यांनी पाहिलेला विषय आहे. मी चौघांना चार चिठ्ठ्या देतो आणि सगळी जनावरं वेळेत कशी हलवायची ते ठरवायला सांगतो. आकडे सरावापुरते आहेत:

- सकाळी ६ वाजता पंचगंगेची पातळी ३६ फूट, पाणी ताशी ३ इंच चढतंय.
- गावाबाहेरचा रस्ता ३८ फुटांवर बुडतो.
- ४८ जनावरं हलवायची, एका ट्रॉलीत ६ मावतात.
- एक ट्रॅक्टर आत्ता आहे, दुसरा ९ वाजता येईल. जाऊन-येऊन दीड तास.

राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, हे इथल्या पोरांना तोंडपाठ असतं. त्यामुळे गट लगेच ३९ धरतो: १२ तास आहेत, एका ट्रॅक्टरच्या ८ फेऱ्या होतात, झालं! पण रस्ता ८ तासांत, दुपारी २ वाजताच जातो. रस्त्याच्या चिठ्ठीवाल्यानं तोंड उघडलं तरच हे कळतं. मग पहिल्याच्या ५ आणि दुसऱ्याच्या ३ फेऱ्या, दीड वाजता काम संपतं.

एकच अट, चिठ्ठी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. नाहीतर गटप्रमुख चारही गोळा करतो आणि पुन्हा एकटाच गणित सोडवतो.

घाईनं मध्ये पडणं

भांडण सुरू झालं की आपण धावतो. तीन मिनिटं थांबा. “तुझं ऱ्हाऊ दे, माझ्या चिठ्ठीत रस्ता आधीच बुडतोय” हे वाक्य त्या गोंधळातूनच येतं, आणि त्यासाठीच तर आपण हा तास घेतलेला असतो. अगदीच अडले तर उत्तर सांगू नका. “कुणाचं ऐकायचं राहिलंय?” एवढंच विचारा.

नुसतं उत्तर तपासणं

‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१५ मध्ये १५ वर्षांच्या मुलांचं मिळून प्रश्न सोडवण्याचं कौशल्य मोजलं गेलं. तिथं मूल संगणकातल्या आभासी साथीदारांशी बोलत होतं, म्हणजे कुणाला चांगला गट मिळाला आणि कुणाला वाईट, हा प्रश्नच राहिला नाही. आपल्याला तशी सोय नाही, पण त्यांनी पाहिलेल्या तीन गोष्टी आपणही पाहू शकतो: सगळ्यांची समजूत एक झाली का, ठरल्याप्रमाणे कृती झाली का, आणि कोण काय करणार हे गटानं ठरवलं व सांभाळलं का.

चाळीस मुलं एका तासात पाहता येत नाहीत. रोज एकच गट निवडा, त्याच्याजवळ बसा, मुलांची वाक्यं जशीच्या तशी नोंदवहीत उतरवा. दहा गट दोन आठवड्यांत होतात. आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनाची, वर्णनात्मक नोंद त्यातूनच निघते. ‘गटात चांगले काम करतो’ या ठरीव वाक्याची गरजच उरत नाही.

सगळ्यांना सारखे गुण

दोर ओढणाऱ्यांची संख्या वाढली की माणशी जोर कमी होतो, असं फ्रेंच कृषी अभियंता रिंगेलमन यांना शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या प्रयोगांत दिसलं होतं. म्हणून गटाच्या उत्तराला थोडे गुण ठेवा, आणि शेवटी कुणालाही उभं करून विचारा: “रस्त्याची चिठ्ठी कुणाकडं होती? तिच्यामुळं काय बदललं?”

गप्प मुलाला शून्य

याबाबत मी फार हळवा आहे. गप्प मूल सहकार्य करत नाही असा शिक्का मारण्याआधी त्याला चिठ्ठी वाचता येते का ते पाहा. माझ्याकडच्या एकाला ती वाचताच आली नव्हती आणि चारचौघांत तसं सांगायची लाज वाटत होती. अशा मुलाला बाजूला घेऊन चिठ्ठी वाचून दाखवा. पुढच्या वेळी जनावरांची चिठ्ठी त्याच्याकडं द्या. घरी गोठा असेल, तर एका ट्रॉलीत सहा म्हशी मावतात का यावरच तो आधी वाद घालेल. तो वाद शब्दन् शब्द लिहून घ्या.